मराठी, इतिहास आणि कायदा: कोणते आधी शिकावे?

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. ती यंदा मराठी माध्यमातून, कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली आहे. मराठी आणि इतिहास हे तिच्या आवडीचे विषय आहेत. घरच्यांचा आग्रह मात्र कायद्याचा आहे, कारण भाषा आणि इतिहास शिकून पोट भरत नाही असे त्यांना वाटते. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम घ्यावा की आधी बी.ए. करून मग तीन वर्षांचे एलएल.बी. करावे, मराठी माध्यम आड येईल का, मोडी लिपी शिकण्यात वेळ घालवावा का, आणि हे सगळे ठाणे-नवी मुंबईत राहून जमेल का, असे तिने विचारले आहे.

मी २६ वर्षे ठाण्याच्या कोर्टनाक्यावर जमिनीचे आणि वारसाहक्काचे दावे चालवते आहे. त्याआधी मराठी विषय घेऊन बी.ए. केले, मग एलएल.बी. केले, आणि वकिलीत स्थिरावल्यावर दूरशिक्षणाने इतिहासात एम.ए. केले. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की तुम्ही आधी मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. करा, त्याच काळात मोडी शिका, आणि त्यानंतर तीन वर्षांचे एलएल.बी. करा. एक वर्ष जास्त जाईल. ते का जाऊ द्यावे, हे सांगण्यासाठी मला एक कागद तुमच्यासमोर ठेवावा लागेल.

मी नवखी असताना नवी मुंबईतील एका गावचे कुटुंब आमच्या वरिष्ठांकडे आले होते. त्यांची जमीन नवे शहर वसवण्यासाठी संपादित झाली होती आणि साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्यात परत मिळणाऱ्या, भूखंडासाठी त्यांना वारस म्हणून आपला संबंध सिद्ध करायचा होता. जुन्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीची, मोडीतली नक्कल आणि तिचे कोणीतरी करून दिलेले देवनागरी लिप्यंतर त्यांच्याजवळ होते. मूळ नोंदीत पणजीचे नाव ‘बायजी कोम हिरू’ असे होते. लिप्यंतर करणाऱ्याला ‘कोम’ हा शब्द माहीत नव्हता. त्याने तो ‘कौम’ समजून नावापुढे कंसात ‘जात’ असे लिहिले, आणि ‘बायजी, जात हिरू’ अशी एक बाई तयार झाली जिचा हिरूशी काहीच संबंध उरला नाही. कागद तपासणाऱ्या कार्यालयाने साहजिकच आक्षेप घेतला, की हिरूची पत्नी बायजी असल्याचा पुरावा दिसत नाही. त्या आक्षेपाचे उत्तर शोधण्यात कुटुंबाची दोन वर्षे गेली. शेवटी एका निवृत्त कारकुनांना मूळ नक्कल दाखवली, तेव्हा त्यांनी भिंग न लावता ती वाचली आणि म्हणाले, ‘‘अहो, कोम म्हणजे बायको. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. हे आमच्या वेळी शिपायालाही ठाऊक असायचे.’’ पुरावा पहिल्या दिवसापासून त्या कागदावरच होता.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले, की आमच्या कार्यालयात कायदा जाणणारे पाच जण होते आणि त्या पाचांत तो शब्द वाचता येणारे कोणी नव्हते. एलएल.बी.च्या तीन वर्षांत तो मला कोणी शिकवला नव्हता, आणि शिकवणे त्या अभ्यासक्रमाचे कामही नव्हते. बी.ए.ला मराठीतील फारसी-अरबी शब्दांवर एक प्रकरण होते, ते मी परीक्षेपुरते वाचून सोडून दिले होते. याची खंत मला आजही वाटते.

आता भाषेचे दुसरे उदाहरण घ्या, कारण यात मोडीचा काही संबंध नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. २१ जुलै १९९८च्या शासकीय अधिसूचनेने तसे ठरवले आहे. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांचे कामकाज मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते. म्हणजे ठाण्यात एखाद्या शेतकऱ्याने मराठीत दिलेली साक्ष अपिलात गेली की इंग्रजीत जाते, आणि पुढचे न्यायाधीश तो शेतकरी काय म्हणाला हे अनुवादकाच्या शब्दांतून वाचतात. आपल्याकडे ‘ताबा’, ‘कब्जा’ आणि ‘वहिवाट’ हे तीन शब्द आहेत. बोलताना माणसे ते एकाच अर्थाने वापरतात, पण दस्तात तसे नसते. ‘या जमिनीतून आमची वहिवाट आहे’ म्हणजे येण्याजाण्याचा हक्क आहे. ‘ही जमीन आमच्या वहिवाटीत आहे’ म्हणजे ती आम्ही कसतो, उपभोगतो. एका विभक्तीने दाव्याचे स्वरूप बदलते. इंग्रजी अनुवादात दोन्हीकडे ‘पझेशन’ लिहिलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे, आणि मग ज्याला केवळ रस्ता हवा होता त्याने सबंध जमिनीवर हक्क सांगितल्यासारखे दिसते, व उलटतपासणीत तो खोटा ठरतो. तो माणूस खोटे बोललेला नसतो. त्याने ‘तून’ म्हटले होते आणि लिहिणाऱ्याने ‘त’ ऐकले होते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर आगरी आणि कोळी बोलींतून साक्षी होतात. खाजण, खार, बांध, उघाडी हे शब्द खाडीकाठच्या माणसाच्या तोंडी रोज असतात; खाजण म्हणजे भरतीचे पाणी चढणारी जमीन आणि खार म्हणजे बांध घालून त्या पाण्यापासून सोडवलेली जमीन, हा फरक ज्याला कळत नाही त्याला १९४८चा मुंबई खार जमीन कायदा किंवा त्यानंतरचा १९७९चा महाराष्ट्राचा कायदा वाचूनही त्या दाव्यात बांध कोणी घातला या प्रश्नाचे महत्त्व समजणार नाही. तुम्ही ऐरोलीच्या आहात, म्हणजे हे शब्द तुमच्या कानांवरून गेलेले असतील. विद्यापीठात बोलीविज्ञानाचा अभ्यास निवडण्याची संधी मिळाली तर ती सोडू नका, आणि प्रकल्पासाठी दूरचा विषय शोधण्याऐवजी दिवा-कोळीवाडा, घणसोली, गोठिवली या गावांतील जमिनीचे आणि पाण्याचे शब्द गोळा करा.

इतिहासाबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण घरच्यांना सर्वांत निरुपयोगी तोच वाटत असेल.

आज जमिनीचा हक्क तपासताना आपण सातबाऱ्यावरून मागे मागे फेरफार पाहत जातो. १९५७ ते १९६५च्या सुमारास बहुतेक गावांत ‘३२ग प्रमाणे’ अशा, कुळकायद्याच्या कलमाच्या, नोंदींची रांग लागते. १९४८च्या कुळकायद्यात पुढे सुधारणा झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले, हे ज्याला माहीत आहे तोच त्या रांगेचा अर्थ लावू शकतो. त्याच्या मागे गेले की खोती, इसाफत, वतन, इनाम असे शब्द येतात आणि प्रत्येकामागे तो हक्क संपवणारा वेगळा कायदा असतो: खोतीसाठी १९४९चा, परगणे आणि कुलकर्णी वतनांसाठी १९५०चा, आणि साष्टी बेटातील इस्टेटींसाठी १९५१चा स्वतंत्र कायदा. साष्टीला वेगळा कायदा का लागला, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. त्यासाठी साष्टी पोर्तुगिजांकडे होती, १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली, १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली, हा क्रम डोक्यात असावा लागतो. प्रत्येक सत्तेने आपापल्या माणसांना दिलेल्या जमिनींचा गुंता पुढच्या सत्तेच्या दप्तरात उतरलेला आहे. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ मध्ये निघाले, त्यातील जमीनधाऱ्याचे प्रकरण मी आजही वर्षातून दोनतीनदा उघडते.

वारसाहक्काचे तर विचारूच नका. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ला अंमलात आला. त्याआधी वारलेल्या माणसाची वारसदारी त्या वेळच्या हिंदू विधीने ठरते, आणि आमच्याकडे येणाऱ्या वंशावळीत असा एक तरी पूर्वज असतोच. महाराष्ट्रात साधारणपणे हिंदू विधीची मिताक्षरा ही परंपरा चालते असे विद्यार्थी पाठ करतात; परंतु गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला अग्रक्रम होता, आणि उत्तर कोकण म्हणजे आपला ठाणे जिल्हा. मूलबाळ आणि पत्नी मागे नसताना एखादा वारला, तर मिताक्षरेप्रमाणे बापाच्या आधी आई वारस होते आणि मयूखाप्रमाणे आईच्या आधी बाप. १९३० साली वारलेल्या माणसाच्या जमिनीचा आजचा वाटा यावरून फिरू शकतो. या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध करणारे पांडुरंग वामन काणे स्वतः उच्च न्यायालयात वकिली करत, संस्कृतचे पंडित होते, धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी पाच खंडांत लिहिला, १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. भाषा, इतिहास आणि कायदा एका माणसाच्या हातून कसे चालतात हे ज्याला पाहायचे असेल, त्याने काणे यांचे चरित्र वाचावे. घरच्यांशी बोलताना हे नाव जरूर सांगा.

आणखी एक गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण ती ठाण्याची आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याजवळ खोदताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले. त्यांवरचा शक ९३९ आहे, म्हणजे इसवी सन १०१७. त्या संस्कृत लेखात ब्राह्मणाला दान दिलेल्या गावांच्या चतुःसीमा दिल्या आहेत. पूर्वेस काय, दक्षिणेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस काय. आज दुय्यम निबंधकाकडे नोंदवायच्या खरेदीखतातही आपण नेमक्या याच चार ओळी लिहितो. दान मोडणाऱ्याला शाप देणारे श्लोक अशा लेखांच्या शेवटी येतात, आणि ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी कोकणात गधेगाळ, म्हणजे शापाचे दगड, उभे राहिले. वर सूर्य-चंद्र, मधे लेख आणि खाली शापाचे चित्र. दस्त, त्याच्या अटी आणि तो मोडला तर शिक्षा, सगळे एका दगडावर. मी एलएल.बी.च्या पहिल्या वर्षात करार शिकत होते तेव्हा कोणी मला हा दगड दाखवला असता, तर मला तो विषय फार लवकर समजला असता.

आता अभ्यासक्रमांकडे येते.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन वर्षांत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे विषय येतात खरे, पण ते कायद्याची पूर्वतयारी म्हणून येतात. त्यात मूळ साधने वाचण्याची सवय लागत नाही, आणि मराठी भाषेचा अभ्यास तर जवळपास नसतोच. ज्यांना बारावीलाच कंपनी कायदा, करकायदा किंवा लवादाचे काम करायचे आहे हे पक्के ठाऊक आहे त्यांनी तो अवश्य घ्यावा. त्यांचे एक वर्ष वाचते आणि ते महत्त्वाचे आहे. तुम्ही लिहिलेल्या आवडी पाहता तुम्ही त्या गटात बसत नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेलात तर पहिली दोन वर्षे तुम्ही हव्या त्या विषयाच्या दारात उभ्या राहाल आणि आत जायच्या आधी दार बंद होईल.

बी.ए.साठी ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे जोशी-बेडेकर महाविद्यालय आहे, चेंदणी बंदर मार्गावर, खाडीला लागून. त्याच आवारात मंडळाचेच ठाणे म्युनिसिपल कौन्सिल विधी महाविद्यालयही आहे. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे स्थानकात उतरून हे अंतर चालत जाता येते. वाशीला कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयाची कला शाखा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी रचना आली आहे, तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी मराठी आणि इतिहास या दोहोंपैकी एक मुख्य व दुसरा दुय्यम असा मेळ त्या महाविद्यालयात मिळतो का, हे कार्यालयात जाऊन स्पष्ट विचारा. माहितीपत्रकावर विसंबू नका, कारण विद्यार्थी कमी असले की विषय बंद होतो आणि हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते. चौथे ऑनर्सचे वर्ष ऐच्छिक आहे. एलएल.बी.ला जायचे असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते.

मुख्य विषय मराठी घ्यावा की इतिहास? माझा कल मराठीकडे आहे. इतिहास पुढे वाचून भरून काढता येतो, निदान मी तसा काढला. भाषेची शिस्त, म्हणजे एका वाक्याचा एकच अर्थ होईल असे लिहिणे आणि दुसऱ्याच्या वाक्याचे किती अर्थ होऊ शकतात हे पाहणे, ती वय वाढल्यावर लावून घेणे फार कठीण जाते.

त्यानंतरच्या एलएल.बी.साठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते, हे तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट मात्र इंग्रजीतच असते. खुल्या प्रवर्गातून पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. मुंबई विद्यापीठाच्या ठाणे उपपरिसरात बाळकुमला कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, नेरूळ आणि खारघर येथे खासगी विद्यापीठांची विधी महाविद्यालये आहेत. खासगी ठिकाणांचे शुल्क घरच्यांसह बसून सर्व वर्षांचे एकत्र मोजा, पहिल्या वर्षाचा आकडा पाहून हो म्हणू नका. मुक्त किंवा दूरशिक्षणाने केलेली बी.ए. एलएल.बी.साठी चालते, मात्र त्याआधीची दहावी-बारावी रीतसर झालेली असली पाहिजे, स्वतः एलएल.बी. दूरशिक्षणाने करता येत नाही, आणि तशी जाहिरात कोणी केली तर तिच्यापासून दूर राहा.

एका नियमाकडे तुमचे मुद्दाम लक्ष वेधते, कारण बहुतेक विद्यार्थ्यांना त्याची एकच बाजू ठाऊक असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांप्रमाणे कायद्याची पदवी घेत असताना दुसरा नियमित पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येत नाही. परंतु त्याच नियमात अपवाद आहे, की भाषेचा अल्पकालीन, अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम याला आडकाठी नाही. म्हणजे एलएल.बी. करताना तुम्ही फारसीचे किंवा संस्कृतचे प्रमाणपत्र घेऊ शकता, दूरशिक्षणाने इतिहासात एम.ए.ही करू शकता. तरीही प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाला लेखी कळवून त्याची पोच जवळ ठेवा. पुढे वकिलीची सनद घेताना तो कागद उपयोगी पडतो.

मोडीबद्दल. पत्रव्यवहार, हिशेब, फेरफार, जन्ममृत्यूची नोंद ठेवणारे कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, हे सगळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोठ्या प्रमाणावर मोडीत लिहिले जात होते. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांच्या आधीचे पुरावे पाहतात, आणि ते शोधत मागे गेले की मोडी समोर येते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या दप्तरांतील मोडी वाचणाऱ्या माणसांची किती चणचण आहे हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वेळोवेळी घेतो. मुंबईत त्यांचे दप्तर काळाघोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१०चे.

लिपी ओळखायला दोन-तीन आठवडे पुरतात. वाचता यायला दोन वर्षे लागतात, आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढून खाली अक्षरे लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून वाचताना डोळ्यांइतकेच काम शब्दसंग्रहाला असते. ‘कुळ’ आणि ‘कूळ’ मोडीत सारखेच दिसणार, तो घराणे म्हणतो आहे की जमीन कसणारा म्हणतो आहे हे वाक्याने ठरवायचे. तारखांचे तर वेगळेच शास्त्र आहे. पेशवाईच्या कागदावर ‘सन सबा सबैन मया व अलफ’ असे दिसले तर ते अरबी अंक आहेत: सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११७७. हे सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७७६ येते, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे. शक असेल तर ७८ किंवा ७९. चुकीचा आकडा मिळवला तर पूर्वजाच्या मृत्यूनंतर त्याने दस्त करून दिल्यासारखे होते, आणि समोरचा वकील एवढी एक गोष्ट हेरून सबंध कागद खोटा ठरवायला उभा राहतो. तीस वर्षांहून जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला तर तो खरा धरता येतो. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ९२ मध्ये आहे. पण हे गृहीतक न्यायालयाच्या विवेकावर असते, आणि चुकीची तारीख सांगणाऱ्या पक्षकाराला तो विवेक सहसा अनुकूल होत नाही.

मराठी माध्यमाची भीती मी समजू शकते. पहिल्या वर्षी इंग्रजी निवाडे वाचताना मलाही एका पानाला तास लागत होता. भीती झाकून ठेवू नका, कामाला लावा. रोज एका निवाड्याचा एकच परिच्छेद मराठीत उतरवा, दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता तो परत इंग्रजीत करा आणि ताडून पाहा. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश काढला आहे तो जवळ असू द्या, आणि त्यातला एखादा शब्द पटला नाही तर का पटला नाही ते समासात लिहा. सर्वोच्च न्यायालय आता काही निवाड्यांचे मराठी अनुवाद प्रसिद्ध करते, त्यांवरही हाच सराव करता येतो. दोन वर्षांत इंग्रजी येते. उलट ज्यांना केवळ इंग्रजी येते असे माझे काही कनिष्ठ सहकारी दहा वर्षांनंतरही तलाठ्याने लिहिलेला पंचनामा दुसऱ्याकडून वाचून घेतात, आणि साक्षीदार आगरीत बोलू लागला की माझ्याकडे पाहतात.

पोट भरण्याविषयी घरच्यांना असे सांगा. सनद घेतल्यावर पहिली तीन-चार वर्षे वकिलीत कोणाचीच सुखाची नसतात. त्या काळात दस्तांचे अनुवाद, मोडी लिप्यंतर आणि जमिनीच्या हक्काचा शोध ही कामे हाती असणाऱ्याला वरिष्ठांकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर अवलंबून राहावे लागत नाही. उच्च न्यायालयाला आणि शासनाच्या विधी व न्याय विभागाला अनुवादकही लागतात. न्यायाधीश व्हायचे मनात असेल तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे, म्हणजे ती तीन वर्षे कशी काढायची याचा विचार आताच करायला हवा. हाताशी मोडी असलेली माणसे ती बऱ्यापैकी काढतात, हे मी माझ्याच कार्यालयात पाहिले आहे.

प्रवेशाला अजून काही आठवडे असतील. तोवर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचे सभासद व्हा. १८९३ पासूनची ही संस्था आहे आणि जुने कोश तिथे बसून पाहता येतील. आणि घरच्या किंवा आजोळच्या जमिनीचा सातबारा व त्याला जोडलेले सर्व जुने फेरफार तलाठी कार्यालयातून आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून, नकलेची फी भरून काढा. सर्वांत जुन्या फेरफारापासून वाचायला सुरुवात करा. न कळलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवा, शेजारी घरातील सर्वांत वयस्कर माणसाने सांगितलेला अर्थ लिहा आणि त्याच्या शेजारी कोशातला अर्थ लिहा. एखादी नक्कल मोडीत निघाली तर ती घडी न घालता सपाट ठेवा आणि मूळ पानावर काहीही लिहू नका. वही भरली की कोर्टनाक्यावर माझ्याकडे घेऊन या, आपण दोघी बसून वाचू.